ओठांतली प्रार्थना

फर्दापूरच्या स्टँडवर बाबांनी माझी पिशवी एसटीत ठेवली आणि आई खिडकीशी आली. आमची शेजारीण ठकूबाई नातीला कडेवर घेऊन तिथंच उभी होती. माझी नजर गेली तशी तिनं पोरीच्या तोंडावर पदर ओढला. आईनं ते पाहिलं. म्हणाली, "तोंड उघडू नको, बाई. क्रुसावर नेताना प्रभूनं बी उघडलं नव्हतं." मी मान हलवली. तशीही मी कुठं उघडत होते. एकोणीस वर्षांची होते.

चार माणसांत प्रार्थना करायची मला लहानपणापासून लाज वाटते. पाण्याला जाता-येता मी ओठांतल्या ओठांत करायची. वाट ठकूबाईच्या मेंढवाड्यावरून जायची. एका हिवाळ्यात तिची पाच मेंढरं पोट फुगून एका दिवसात गेली. ठकूबाई म्हणाली, ही रोज वाड्यापाशी काहीतरी पुटपुटते, मी डोळ्यांनी पाहिलंय. कापणीनंतर ज्वारीला फुटलेले कोवळे, विषारी धुमारे मेंढरांनी खाल्ले होते, असं जनावरांच्या डॉक्टरनं पुढं सांगितलं. तोवर करणी करणारी म्हणून माझं नाव झालं होतं. हापशावर मी गेले की बायका गप्प व्हायच्या. सिल्लोडचं स्थळ आलं तसं परत गेलं. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. गप्प राहिली म्हणजे खरंच असणार, असं झालं. मग मावशीकडं बजाजनगरला पाठवलं.

इथं एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर लागले. पहिल्याच महिन्यात शेजारच्या शबानानं माझे ओठ पाहिले. हात थांबवून विचारलं, "क्या पढती रहती गे तू?" कशीबशी म्हणाले, "दुवा." ती म्हणाली, "मेरे वास्ते बी पढ. सास आ रही कल." आणि खोका पुढं ढकलला. एवढंच. त्या दिवशी डबा खाताना मला रडू आलं. गावात इतकं सोपं कुणी विचारलं नव्हतं.

लग्न इथंच झालं, मुलगी झाली. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळं पवित्र शास्त्र मी बोट ठेवून हळूहळू वाचते. खोटा आळ आलेली माणसं त्यात बरीच आहेत. योसेफ मालकाच्या बायकोच्या शब्दावर तुरुंगात गेला. पुढं तो मोठा अधिकारी झाला, पण त्या बाईनं आपला शब्द मागं घेतला असं कुठं लिहिलेलं नाही. मी शोधलं. दावीदाला एकानं भर रस्त्यात शिव्या दिल्या, धोंडे मारले, तरी तो म्हणाला, देऊ द्या त्याला शिव्या. पण दावीद राजा होता, भोवती शिपाई होते. मग हन्ना सापडली. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि याजक एलीला वाटलं ही दारू प्यायली आहे. मी तिथंच बोट ठेवून बसले. हन्ना गप्प राहिली नव्हती. तिनं भांडण केलं नाही, शिवी दिली नाही, पण सांगितलं, की मी प्यायले नाही, मी दुःखी बाई आहे, देवापुढं मन मोकळं करत होते.

मुलगी सात वर्षांची झाली तरी तिनं आजोळ पाहिलं नव्हतं. आईच बजाजनगरला यायची. प्रार्थना करताना मुलीचेही ओठ हलतात. तिला त्या वाटेनं माझं नाव घेऊन चालावं लागू नये, म्हणून यंदा नाताळला तिला घेऊन गावाला गेले.

आईला हन्नाचं सांगितलं. आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. म्हणाली, "प्रभूला मरायला जायचं व्हतं. तुला जगायचं व्हतं. मला तवा कळलं नाय."

ठकूबाई ओट्यावर लोकर पिंजत बसली होती. मुलीचा हात धरून मी समोर उभी राहिले. अकरा वर्षं मनात घोकलेलं वाक्य बोलले. "ठकूमावशे, मी तुमच्या मेंढरांला काय केलं नव्हतं. मी प्रार्थना म्हणत व्हते."

तिनं मान वर केली. "बोलता येतंय की तुला. मग तवाच का नाय सांगितलं?"

"तुम्ही इचारलं नाय."

ती पुन्हा लोकर पिंजू लागली. चुकलं असं म्हणाली नाही. एलीनं हन्नाला शांतीनं जा म्हटलं होतं, तसंही काही नाही. मुलीकडं बघून म्हणाली, "ही बी तुझ्यासारखीच मुकी का? बस गं, च्या टाकते." आणि उठता उठता मला म्हणाली, "म्हणायचं तर जरा मोठ्यानं म्हणत जा. माणसाला कळाया पायजे."

बजाजनगरच्या खोलीत मी अजून ओठांतच प्रार्थना करते. तिथं कुणाला काही सांगावं लागत नाही. गावात होते ते चार दिवस मेंढवाड्यापाशी आले की आवाज काढला. लाज वाटायची, शब्द अडकायचे. मागून ठकूबाई विचारायची, "आज कुणासाठी गं?" मग थांबून सांगावं लागायचं. घर म्हटलं की आता मला तीच वाट आठवते, जिथं थांबून सांगावं लागतं.