दत्ताराम ड्रिलमध्ये नव्हता

पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि कुवेतला गेलो. तिथल्या शुऐबा या कारखान्यांच्या भागात एका कॉन्ट्रॅक्टरच्या यार्डात सिक्युरिटी सुपरवायझर. गेट, गाड्या, पास आणि दर महिन्याची फायर ड्रिल, हे माझं काम.

दत्ताराम परब तिथे स्प्रे पेंटर होता. कुडाळकडचा, जन्मापासून बहिरा. ड्रिलच्या वेळी फोरमन त्याला कामावरच ठेवायचा. मी सेफ्टी ऑफिसर पाटलांना कारण विचारलं.

"त्याला सायरन ऐकू येत नाही. ड्रिलचा काय उपयोग?"

"पेंट शेडमध्ये लाल दिवा लावा, साहेब. सायरनबरोबर पेटेल असा."

"एका माणसासाठी?"

"हो."

ते हसले. सैन्यात असताना पूंछला गस्तीवर आमचा अख्खा दहा जणांचा सेक्शन तोंडातून अवाक्षर न काढता हातांच्या खुणांवर चालायचा. त्या खुणा मी दत्तारामला शिकवल्या, त्याच्या त्याने मला. चहाला आमच्या भरपूर गप्पा व्हायच्या. दिवा मी पुन्हा मागितला. आला नाही.

मे महिन्यात एका दुपारी पेंट शेडला लागून असलेल्या थिनरच्या स्टोअरला आग लागली. सायरन झाला, लोक असेंब्ली पॉइंटला धावले. मी गेटवर बंबासाठी रस्ता मोकळा करत होतो. वॉकी-टॉकीवर विचारलं, "हेडकाउंट?"

"सगळे आले. ओव्हर."

"दत्ताराम?"

नुसती खरखर. मग फोरमनचा आवाज. "तो कुणाच्या ग्रुपमध्ये आहे?"

कुणाच्याच नव्हता. ड्रिलला नसलेल्या माणसाला कोण मोजणार?

ओलं पोतं तोंडावर धरून मी शेडमध्ये शिरलो. धूर कमरेपर्यंत उतरला होता. दत्ताराम दाराशी पालथा पडलेला. धूर दिसल्यावर निघाला असणार, पण तोवर उशीर झाला होता. ओढत बाहेर काढला. अँब्युलन्समध्येच त्याने प्राण सोडला.

पुढच्या आठवड्यात मीटिंगमध्ये पाटलांनी वाचून दाखवलं. कामगाराने अलार्मला प्रतिसाद दिला नाही. यापुढे अपंग कामगार ठेवायचे नाहीत. पायाने अधू असलेला आमचा टाइमकीपर सलीम समोरच बसला होता. त्याने मान खाली घातली.

मी उभा राहिलो. "प्रतिसाद कशाला देणार? तुम्ही त्याला हाकच मारली नाहीत."

"हवालदार, बसा."

"बसत नाही. सलीमला हात लावलात तर दिव्याची सगळी गोष्ट सरकारी इन्स्पेक्टरला सांगेन."

इन्स्पेक्टर आला तेव्हा सांगितलीच. सलीम राहिला, दिवे लागले, मला नोकरीवरून काढून घरी पाठवलं. राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

पूंछला माझ्या सेक्शनचे दोघे गेले, शिंदे आणि भोसले. दरवर्षी आम्ही माजी सैनिक जमतो, त्यांची नावं घेतो, फुलं वाहतो. या वर्षी त्यांच्यानंतर मी दत्ताराम परब म्हणालो.

शेजारच्या सुभेदारांनी हळूच विचारलं, "हा कोणत्या युनिटचा?"

"माझ्या सेक्शनचा," मी म्हणालो. "त्याला मागे सोडून सगळे बाहेर आले होते."

सुभेदारांनी आणखी एक फूल माझ्या हातात दिलं.