शनिवारची नखं

"नख म्हणजे हळकुंड न्हाई, घासत ऱ्हायलं की उजळायला," सुकन्या एकदा म्हणाली होती. कुरुंदा गावात हे कुणाला पटण्यासारखं नव्हतं. इथं शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये टाकतात. ड्रम फिरतो, हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरची काळपट साल उडते आणि आतला पिवळा रंग उघडा पडतो. जितकं फिरवावं तितकं पॉलिश चढतं. सुकन्याचा नवरा शिवहार तो ड्रम चालवतो. हंगामभर बायांची बोटं हळदीत असतात, नखं पिवळी होतात, आणि ते पिवळं घालवायचं म्हटलं की प्रत्येकीच्या डोक्यात तोच ड्रम फिरू लागतो.

सुकन्या घरोघरी जाऊन बायांची नखं करते. सामान आणायला ती स्वतः हिंगोलीला जाते. घासायचा ठोकळा, म्हणजे बफर, दुकानातच करंगळीवर फिरवून पाहते. नखाच्या बाकाबरोबर वाकणारा हवा, कडा कातडीला बोचणाऱ्या नकोत. धातूची कानस ती बाजूला सारते. एकदा तिनं इतके ठोकळे पारखले की दुकानदार कंटाळला.

"बाई, ठोकळा घेऊन राहिल्या का नवरा पसंत करून राहिल्या?"

"नवरा न बघता केला," सुकन्या म्हणाली, "म्हणून हे तरी बघून घेते."

ठोकळ्याला चार बाजू असतात. खरखरीत बाजू नखावरच्या उंच रेघांपुरती, तीही क्वचित. मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटची कापडासारखी गुळगुळीत. हात हलका, दिशा एकच, आणि नख गरम लागलं की थांबायचं. थांबणं शिकायलाच तिला सगळ्यात जास्त दिवस लागले. चमक वरून लावायची नसते. ती नखातच असते, आणि फार खणलं तर नाहीशी होते.

या कामाला सासूचा होकार मिळवताना तिची दोन वर्षं गेली होती. सासू सत्यभामाबाई. सुकन्या त्यांना आत्याबाई म्हणते. होकार दिला तोही एका अटीवर, शनिवारी काम नाही. शनिवारी नखं काढत नाहीत.

अडचण आली ती शिवहारसोबत ड्रमवर काम करणाऱ्या थावराच्या लेकीच्या लग्नात. ती नांदेडला नर्सिंग शिकते. लग्न रविवारी तांड्यावर आणि पोरगी शनिवारी सकाळी घरी येणार. सुट्टीत ती सुकन्याच्या शेजारी बसून हळद निवडायची. तिथंच सुकन्यानं तिला शब्द दिला होता, तुझे हात मीच करीन.

"आत्याबाई, कापायचं न्हाई, नुसतं घासायचंय."

"घासल्यावर भुगा पडतो का न्हाई?"

"पडतो."

"मग झालं की कापणं."

शिवहार जेवता जेवता हसला. "आई, तू वकील व्हायला पाहिजे होतीस."

"तू गप भाकर खा."

सुकन्या सासूचं न ऐकता गेली तर कामाचा होकारच जाणार होता. न गेली तर शब्द जाणार होता.

शनिवारी सकाळची कामं आटोपली. सत्यभामाबाई दाराच्या तोंडाशी पाय पसरून बसल्या होत्या. सुकन्यानं चहा दिला, तो त्यांनी डाव्या हातानं घेतला. उजवा हात पदरात होता.

"हाताला काय झालं?"

"काही न्हाई. चुलीचा चटका."

सुकन्यानं पदर बाजूला केला. अंगठ्याचं नख लालसर, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ झालेलं. कडेला पांढरा भुगा.

"माझा ठोकळा घेतला? कोणत्या बाजूनं घासलं?"

"जी चांगली चरचर लागली तिनं."

"किती येळ?"

"पोथी सरंस्तोवर."

"आत्याबाई, काहून पण?"

"पिवळं जाऊन नव्हतं राहिलं." त्यांनी अंगठा मुठीत दडवला. "उद्या नवऱ्या मुलाकडल्या बाया हळदीकुंकवाला हात धरतील. शहरातल्या हायेत."

सुकन्याला हसू आलं, ते तिनं गिळलं. "ह्यो रंग आत उतरतो. घासून जात न्हाई. नख वाढंल तसा पुढं सरकंल, मग आपसूक जाईल."

अंगठ्याला तिनं खोबरेल लावलं आणि तो तसाच सोडला. मग गुळगुळीत बाजू वर करून ठोकळा हातात धरला आणि थांबली. शनिवार होता. सत्यभामाबाईंनी चहा खाली ठेवला आणि डावा हात पुढं केला.

"आता बघून काय राहिली? कर की."

एकेक बोट धरून सुकन्यानं हलक्या हातानं घासलं. पिवळं गेलं नाही, पण त्या पिवळ्यावर ऊन टिकू लागलं. भुगा जवळजवळ पडलाच नाही. पडला तेवढा सत्यभामाबाईंनी स्वतःच फुंकला. बोटं डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"बरं दिसतंय," त्या म्हणाल्या. मग अंगणाकडे पाहत विचारलं, "थावराची पोरगी आली का गं?"

"सकाळच्या गाडीनं आली म्हणं."

उरलेला चहा सत्यभामाबाईंनी संपवला आणि दारात पसरलेले पाय जवळ ओढून घेतले.

सुकन्यानं नवरीसाठी राखून ठेवलेला कोरा ठोकळा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि बाहेर पडली.