व्याह्यांना आत बसवून मी चहाला गेलो

माझ्या मुलीच्या सासऱ्यांनी मला फसवलं. शोरूमवाल्याने नाही, एखाद्या दलालाने नाही, खुद्द व्याह्यांनी. आणि तेही भर दुपारी, मी बसवलेल्या खुर्चीत बसून.

माझं घर धारवाडला आणि कारखाना तारिहाळला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेडच, पण तिच्यातलं एकेक यंत्र मी घासाघीस करून आणलेलं आहे. सांगितलेल्या भावाने मी आयुष्यात कोथिंबीरसुद्धा घेतलेली नाही. रोजचं जाणं-येणं बायपासवरून, स्कूटरवर. स्कूटरची चाकं ताटलीएवढी. शेजारून ट्रक गेला की त्याचा वारा आधी ओढतो, मग ढकलतो. एके दिवशी त्या वाऱ्याने मला थेट कडेच्या खडीत नेऊन उभं केलं. लागलं काही नाही, पण घरी सांगायची चूक केली.

"उद्यापासून बसने जा," बायको म्हणाली, "नाहीतर अंगात वजन असलेली गाडी घ्या. त्या चिमणीवर तुम्ही पुन्हा बायपासला गेलात तर मी जेवणार नाही."

बसने मी जात नाही. कंडक्टर भाव कमी करत नाही.

मग मी गाड्या बघायला लागलो. नव्या धाटणीच्या गाड्यांवर बसलं की माणूस टाकीवर पालथा पडतो, रस्त्यावर काही सांडलेलं शोधत असल्यासारखा. माझ्या कमरेला ते झेपणारं नव्हतं. मला हवी होती जुन्या वळणाची, पण आतून नवी: गोल दिवा, लांब सपाट सीट, पाठ ताठ ठेवणारं हँडल, आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. अशा बऱ्याच निघाल्या आहेत हल्ली. एक दिसायला राजा, पण वेग वाढला की अशी थरथरायची की आरशात मागच्या एका ट्रकचे चार दिसत. एकीचा आवाज ऐकत राहावा असा, पण चढावर तिचा जीव कासावीस. एक इतकी जड की उभी करायला मी एकटा पुरलो नाही, शोरूमचा वॉचमन धावत आला.

शेवटी हुबळीत एक सापडली. हिरवी. बायपासवर चालवून पाहिली, भरधाव ट्रक शेजारून गेला, आणि गाडी जागची हलली नाही. आरसा तर इतका स्थिर की मागच्या ट्रकचा नंबर उलटा का होईना, वाचता आला. तिथेच ठरलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते, तेव्हा ही सगळ्यांच्या पुढे उभी राहणार. हिरवी एकच शिल्लक होती. पुढची दिवाळीनंतर येणार होती.

आता, आवडलेली वस्तू अशी उचलून आणायची नसते. आमच्या बाजारात एक रीत आहे. आधी वस्तूला नावं ठेवायची. मग रागावून बाहेर पडायचं, पण आपलं एक माणूस आत बसवून. त्या माणसाने दुकानदाराला हळूच म्हणायचं, "तापट आहेत हो, पण घेणारे आहेत. थोडं कमी करा, मी बोलावून आणतो." साड्यांपासून लोखंडी सळ्यांपर्यंत माझ्या सगळ्या खरेद्यांत आत बसण्याचं काम बायकोने केलं. त्या दिवशी तिला हळदीकुंकवाला जायचं होतं. म्हणून मी व्याह्यांना बरोबर घेतलं. शाळेतून निवृत्त झालेले, गोड बोलणारे, रिकामे.

वाटेत बजावलं, "व्याहीबुवा, आत काहीही आवडू द्यायचं नाही."

"आणि आवडलं तर हो?"

"तर खोकायचं."

गाडीसमोर उभे राहिलो आणि हा गृहस्थ असा खोकायला लागला की सेल्समन पाणी घेऊन आला.

मी सुरुवात केली. "हा दिवा आहे की पोह्यांचा डबा?"

"होय सर," सेल्समन म्हणाला.

"हा रंग लोणच्याच्या बरणीला शोभेल."

"होय सर."

"अंगाने म्हैस आणि आवाजाने शेळी! हिला कोण घेणार?"

"भाव मात्र तोच राहणार, सर."

"अहो, पण छान आहे की," व्याही म्हणाले.

मी डोळे वटारले, त्यांना खुर्चीत बसवलं, "तुम्ही बसा जरा," म्हणालो आणि ताडताड बाहेर पडलो. समोरच चहाची टपरी होती. काचेतून सगळं दिसत होतं. व्याही सेल्समनच्या कानाशी काहीतरी बोलले. मी म्हटलं, वा, मास्तर तयार झाले. सेल्समन हसला, त्यांच्यासाठी थंड पेय आलं. मी दुसरा चहा सांगितला; अशा वेळी घाई करायची नसते. मग कागद आले, पेन आलं. म्हटलं, उतरवलेला भाव लिहून घेताहेत. मग गाडीला हार घालताना पाहिलं. म्हटलं, हे जरा लवकर होतंय, पण ठीक आहे. चेहरा कडक करून रस्ता ओलांडला.

"या, या!" व्याही उठून उभे राहिले. "तुमचीच वाट बघत होतो. घेतली!"

"कितीला?"

"जो भाव होता तोच."

"मला न विचारता?"

"तुम्हाला कशाला विचारायचं? तुम्हाला तर नकोच होती. माझ्यासाठी घेतली. तुम्ही गेलात आणि मला फार वाईट वाटलं हो. एवढी देखणी गाडी, आणि तिला तोंडावर म्हैस म्हणायचं?"

"भाळ छलो मंदी री, तुमचे बीगरू," सेल्समन मला म्हणाला. फार चांगला माणूस आहे, म्हणे, तुमचा व्याही. चांगला असणारच. सांगितलेल्या भावाने घेणारा कुठल्या दुकानदाराला वाईट वाटतो?

दुसरं कुणी असतं तर मी शोरूमचं छत उडवलं असतं. पण मुलीच्या सासऱ्यावर ओरडायचं नसतं. आलेला आवाज गिळला. वर व्याही म्हणाले, "नारळ तुमच्या हातून फुटला पाहिजे. मान तुमचा." मी तो असा आपटला की सेल्समन टेबलामागे गेला.

व्याही राहतात उणकलला, नव्या वसाहतीत. रोज संध्याकाळी विहीणबाईंना मागे बसवून ते तळ्याकाठी चक्कर मारतात. फिरायला आलेले म्हातारे त्यांना मागे टाकून पुढे जातात. बायपासवर त्यांनी ती गाडी एकदाही नेलेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "नको हो, तिकडे फार ट्रक असतात. भीती वाटते."

खंडेनवमीला मी स्कूटरला झेंडूचा हार घातला. बायकोने तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. आजही मी स्कूटरवरच जातो, ट्रक आला की हँडल आवळून धरतो. मुलीला फोन केला तर ती म्हणते, "अप्पा, मामंजी किती खुशीत आहेत, त्यांना काही बोलू नका."

बोललो नाही. लिहितो आहे. दिवाळीला आपण दोघे आमच्याकडे जेवायला येणार आहात, व्याहीबुवा. ताटं वाढण्याआधी, सगळ्या घरादारासमोर, एवढंच सांगा: ट्रकची एवढी भीती होती, तर ट्रकच्या वाऱ्यात न हलणारी हुबळीतली एकुलती एक हिरवी गाडी तुम्ही कशासाठी घेतलीत? आणि तळ्यावर फिरवायलाच हवी होती, तर माझी स्कूटर काय वाईट होती? उत्तर द्या. ते ऐकल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही.