सासूबाईंच्या कपाटाची दोन दारं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचं सुतारकामाचं दुकान, त्याला सगळे सरळसोट म्हणायचे. एक डोळा मिटून फळी बघितली आणि वाकडी म्हणाला, की ती वाकडीच. फक्त एका माणसाकडे त्याला सरळ नजरेने बघता येत नसे. त्याचा धाकटा साडू.

साडूही सुतारच. त्याने टेबलातून पातं वर येणारी नवीकोरी करवत-मशीन आणली आणि इकडे सरळसोटच्या पोटात दुखायला लागलं. बायको माहेरून बातमी घेऊन आली, "त्यांची गाईड म्हणे नुसत्या बोटाने सरकते!" गाईड म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे ढकलायचं ती पट्टी. सरळसोटची गाईड बुक्की खाल्ल्याशिवाय हलत नसे.

"हो का? मग भांडीही घासत असेल!" तो म्हणाला.

त्यात सासूबाईंना कपाट हवं झालं. एका जावयाला सांगावं तर दुसरा रुसणार. बाई हुशार! एक दार थोरल्याने करायचं, एक धाकट्याने. ज्याचं सरस, त्याला पुढे स्वयंपाकघराचं सगळं काम.

सरळसोटने दार जीव ओतून केलं. पण धाकट्याचं काय चाललंय ते बघितल्याशिवाय अन्न गोड लागेना. मला म्हणाला, "चला, सहज चक्कर मारू." सहज कसलं! त्याच्या मागे पळताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

"या दादा, बघा आमची राणी!" म्हणत साडूने फळी कापायला घेतली. पातं कण्हलं, धूर निघाला. सरळसोटने फळीची कड बघितली. काळी, करपलेली! गडी असा खुलला, जसं काही बारसं जेवून आलाय.

आता तोंड मिटून घरी यायचं, की काम खिशात. पण तेवढं जमलं तर तो सरळसोट कसला! एवढी देखणी मशीन, आणि असे हाल? त्याला बघवेना.

"वायर काढ आधी," तो खेकसला. "गाईड मागच्या बाजूला पात्याकडे झुकलीय. लाकूड चिमटतंय, एखाद दिवशी उसळून छातीवर येईल." त्याने पात्याच्या एका दाताला खडू लावला. तो दात पुढे असताना गाईडपासूनचं अंतर मोजलं, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजलं. गाईडचे बोल्ट ढिले केले, दोन्ही मापं जुळवली, आवळले. पात्याभोवतीची झाकणपट्टी खाली बसली होती. तिचे कोपऱ्यातले स्क्रू फिरवून ती टेबलाच्या पातळीत आणली.

मग एक फळी लावून बघितली. लोण्यातून सुरी! दुसरी लावली. तिसरी. साडू म्हणतोय, "दादा, बसा, चहा घ्या." दादा कुठले बसतात! धाकट्याचं अख्खं दार कापून मगच हात थांबला.

कपाट उभं राहिलं. सासूबाईंनी दोन्ही दारांच्या कडांवरून बोट फिरवलं. "धाकट्यांचं जरा जास्त सफाईदार आहे हो."

सरळसोटने तोंड उघडलं. ते दार मीच कापलं म्हणावं, तर साडूची मशीन आपल्या मशीनपेक्षा चांगली असं चारचौघांत कबूल करावं लागणार! उघडलेलं तोंड त्याने जांभई देऊन मिटलं.

निघताना साडू हळूच म्हणाला, "दादा, स्वयंपाकघराचं लाकूड कापायला याल?"

तो नाही म्हणणार होता. नक्की म्हणणार होता, कपाळावरची शीर मी बघितली ना. पण बाहेर पडलं ते, "केव्हा?"