गळ्यातला स्कॅनर

"जवळ ये न. स्कॅन होऊन नाई राह्यलं."

गाडीत बसल्या बसल्या त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोबाईल माह्या छातीसमोर धरला. एकदम जवळ. माह्या गळ्यात दोरी, दोरीले कार्ड, कार्डावर पैसे भरायचा स्कॅनर. ते कार्ड येते बरोबर छातीवर. मागच्या सीटवर दोघं होते, ते खिदळले. त्यातला एक म्हणे, "आरामात होऊ द्या भाऊ. नेटवर्क स्लो आहे इथी."

मी मान वळवली आणि मशीनवरचे आकडे पाहत राह्यली. आकडे तर कधीचेच थांबले होते. डिझेल भरून झालं होतं, नळी जागेवर ठेवून झाली होती, मले पाहायले दुसरं काई नव्हतं. तो मोबाईल मागं घ्यायचा, पुढं आणायचा. "हलू नको," म्हणे. मी हललीच नव्हती. मंग पंपाचा डब्बा बोलला, पैसे आले म्हणून, आणि गाडी निघून गेली. माहे कान तापले होते. मागच्या मोटरसायकलवाल्यानं हॉर्न मारला, मी त्याच्याकडं गेली.

हा पंप ब्रह्मपुरीच्या रोडवर आहे. आमी चौघं कामाले. दोन पोट्टे, एक ताई आणि मी. ताई म्हणजे माह्यापेक्षा मोठी, लग्न झालेली, धान लावणाऱ्या घरची सून. मी बौद्धाच्या घरची पोरगी, बाजूच्याच खेड्यातली. पहिले स्कॅनरचा स्टिकर मशीनवर चिपकवलेला होता. उन्हानं आणि तेलाच्या हातानं तो पार मिटून गेला, स्कॅन होता होईना. मंग मालकानं कार्डं छापून आणले आणि सगळ्यायच्या गळ्यात घातले. म्हणे गिऱ्हाईकाले गाडीतून उतराची गरज नाई, बसल्या जागी पैसे भरन. मालक लई खुश होता. आमी बी खुश. मी तर घरी फोटो काढून दाखवला होता, बापा, कशी साहेबासारखी दिसते म्हणून.

पोट्ट्यायले त्या कार्डाचा काईच त्रास नाई. ते गळ्यातून काढून गिऱ्हाईकाच्या हातात देते, नाई तर लोकं दुरूनच स्कॅन करते. दुरून होते न स्कॅन! दोन हातावरून होते. मी स्वतः करून पाह्यलं आहे. पण माह्याजवळ आणि ताईजवळ आलं का लोकायचे मोबाईल बिघडते.

थोड्या दिवसानं माह्या मशीनवर लाईन वाढली. बाजूची मशीन खाली, आणि माह्याकडं मोटरसायकली उभ्या. मॅनेजर म्हणे, "पाह्य, तुह्या मशीनवर धंदा वाढला." मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. त्याले सगळं मालूम होतं. मालूम असून तो हासून राह्यला होता.

मी ताईले विचारलं, "ताई, तुमाले काई वाटत नाई का?"

ताई म्हणे, "खाली पाहून राह्य. होते सवय."

तिनं दोरीले गाठ मारून कार्ड आखूड केलं होतं, गळ्याजवळ आणलं होतं. मी बी करून पाह्यलं. मंग मोबाईल गळ्याजवळ यायले लागले, तोंडाजवळ. तोंडावर लोकायचा श्वास. त्याच्यापेक्षा पहिलंच बरं म्हणून गाठ सोडून टाकली. सांगते मी, घरी गेल्यावर शर्ट काढून मी लई वेळ तोंडच धुवत बसायची.

आता त्या गाडीवाल्याचं सांगते. तो आमच्याच गावचा ठेकेदार. रोडाचे कामं घेते, गावात सगळ्यात मोठी बांधी त्याची. बांधी म्हणजे धानाचं वावर. माही माय त्याच्याच बांधीत रोवण्याले, म्हणजे धान लावायले, जाते. गावात सगळे त्याले भाऊ म्हणते, मी बी भाऊच म्हणायची. मोबाईलनं पैसे द्यायची पद्धत यायच्या पहिले तो नोटा देत होता. आणि चिल्लर वापस घ्यायची असली का हात पुढं करत नव्हता. "सीटवर ठेव," म्हणायचा. बाजूच्या सीटवर. मी खिडकीतून वाकून सीटवर पैसे ठेवायची. पोट्ट्यायच्या हातातून घेत होता. ताईच्या हातातून घेत होता. माह्या हातातून नाई. काऊन नाई, हे मले कोणी सांगाची गरज नव्हती, आणि त्याले बी.

मोबाईल आला तवा माय म्हणे, "बरं झालं. हाताचा प्रश्नच मिटला." मले बी तसंच वाटलं. आता कोणाचा हात कोणाले लागत नाई, सीटवर ठेव म्हणायचं काम नाई, मशीनीत सगळे सारखे. इतकी येडी होती मी.

त्या दिवशी तो गेल्यावर माह्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. याले माहा हात चालत नव्हता. चिल्लर विटाळत होती. आता माह्या छातीपाशी मोबाईल धरायले याले विटाळ होत नाई. याचा विटाळ बी याच्या सोयीचा आहे.

पुढच्या खेपेले त्यानं मोबाईल धरला आणि टक्क आवाज आला. फोटो काढल्याचा. मी म्हटलं, "काय केलं भाऊ?" तो म्हणे, "काई नाई, चुकून दबलं." तिसऱ्या दिवशी गावातला एक पोट्टा मोटरसायकलवर आला आणि दात काढत म्हणे, "फोटो मस्त आला तुहा ग्रुपवर." त्यानंच मले दाखवला, मी तो माह्या मोबाईलवर घेऊन ठेवला. तोंड अर्धं कापलेलं. कार्ड आणि छाती बरोबर मधात. खाली लिहिलं होतं, स्कॅन करा आणि खुश व्हा. खाली गावातल्या लोकायचे हासरे तोंडं. त्या लोकायच्या घरी मी लहानपणापासून जाऊन राह्यली आहे. 

मी तशीच मॅनेजरच्या केबिनमंधी गेली. "कार्ड मशीनवर लावा," म्हटलं. "मी गळ्यात नाई घालत."

तो म्हणे, "मालकाचा आदेश आहे. सगळेच घालते. तुलेच काऊन झोंबते?"

मी फोटोचं सांगतलं. तो म्हणे, "चांगलं गिऱ्हाईक आहे ते, त्याच्या सगळ्या गाड्या आपल्याकडं भरते. तुले जास्तच वाटत असन त घरी बस."

घरी बस. माहे दोन मामा त्याच वाक्याची वाट पाहून राह्यले आहेत. पोरगी पंपावर उभी राह्यते, लोकं पाह्यते, लवकर उजवून टाका, असं दर सणाले चाललं असते. घरी बसली का या पगारावर चालणारं माहं कॉलेज बंद, रोडावर येणं बंद, सगळंच बंद. म्हणून मी कार्ड घालून परत मशीनवर गेली. ते बी सांगून टाकते. त्या दिवशी मी घातलं.

तो आठ दिवसात परत आला. थंडीचे दिवस, दुपारची वेळ. वडशाकडं नाटकं करायले जाणाऱ्या मंडळ्यायच्या गाड्या लाईनीत उभ्या होत्या, मागं जीप, मोटरसायकली. टाकी फुल कर, म्हणे. मी केली. त्यानं काच खाली केली, मोबाईल काढला.

"जवळ ये."

मी दोरी डोक्यावरून काढली. मशीनच्या बाजूले फडकं अडकवायचा एक हूक आहे, पार खाली, गुडघ्याजवळ. फडकं काढलं आणि कार्ड तिथी अडकवलं. मुद्दाम खाली नाई लावलं, दुसरा हूकच नव्हता. पण लावल्यावर मले लई बरं वाटलं, खोटं काऊन बोलू.

"इथी स्कॅन करा," मी म्हटलं.

तो माह्याकडं पाहत राह्यला. "मले वाकायले लावते का तू?"

"स्कॅनर तिथी आहे."

"कोणाची पोरगी आहे तू, मालूम आहे न तुले?"

"मले मालूम आहे. तुमाले बी मालूम आहे. म्हणून त तुमी माह्या हातची चिल्लर घेत नव्हते. सीटवर ठेवायले लावत होते. आता माहा फोटो काढून गावाले वाटता."

हे मी हळू नाई म्हटलं. नाटकाच्या गाडीतले लोकं खाली उतरून पाहायले लागले. त्यानं गाडी चालू केली. मी गाडीच्या समोर जाऊन उभी राह्यली. आमच्या पंपाचा नियम आहे, डब्बा बोलल्याबिगर गाडी सोडायची नाई. गाडी तशीच गेली त पैसे आमच्याकडून भरून घेते. तो नियम आमाले दाबायले बनवला होता, त्या दिवशी मी त्याच्यावर उभी राह्यली.  तो गाडी पुढं घेईन का, हेच मनात होतं. गाडी थोडी पुढं आली बी. मी हलली नाई.

मॅनेजर धावत आला. "अवो बाई, बाजूले हो!"

"डब्बा बोलू द्या," मी म्हटलं.

मागून हॉर्न सुरू झाले. कोणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, पैसे भरा न, खोळंबा काऊन करता?" तवा तो उतरला. पांढऱ्या कपड्यात, मशीनसमोर, गुडघ्यावर हात ठेवून वाकला. आणि नेटवर्क गेलं. खरंच गेलं. तो वाकलेला, मोबाईलवर चक्र फिरून राह्यलं, आणि सगळी लाईन पाहून राह्यली. मंग डब्बा बोलला. मी बाजूले झाली.

ताईकडं पाह्यलं. तिच्या गळ्यात कार्ड तसंच होतं. ती खाली पाहून डिझेल भरत होती. मले राग आला तिचा, आता बी आहे.

मॅनेजरनं केबिनमंधी बोलावलं. म्हणे, उद्या त्या ठेकेदाराच्या घरी जाऊन माफी माग, कार्ड गळ्यात घालून ये, नाई त येऊ नको. मी म्हटलं, "मले काऊन काढून राह्यले, ते लिहून द्या." तो म्हणे, लिहून काई भेटत नाई. बरोबर आहे. काय लिहिन तो?

घरी मायले सांगतलं. मायनं कपाळावर हात मारला. "आता रोवण्याले कोण बोलावन मले? त्याच्या बांधीवर उन्हाळ्यापर्यंतचं खाणं निघते आपलं."

"माय, तू आयुष्यभर त्याच्या बांधीत वाकली. तो एक डाव वाकला त काय आभाळ पडलं?"

मायनं तोंड फिरवलं. चुलीपुढं बसून राह्यली. तिचं भेव खोटं नाई, ते मी समजते. कदाचित ती उद्या बी माह्याशी बोलणार नाई.

उद्या सकाळची पाळी माही आहे. मी जाणार. गळ्यात काई घालणार नाई. मले काढाचं असन त लाईन लागली असताना काढा, कारण मोठ्यानं सांगा. मी आपल्या पायानं घरी येणार नाई. आणि पाळी संपली का तो फोटो घेऊन पोलीस ठाण्यात जाणार. तिथी बी म्हणतील, जाऊ दे न पोरी, मोठा माणूस आहे, तुहंच नाव खराब होईन. होऊ द्या. मी खुर्ची ओढून बसणार आणि लिहा म्हणणार. त्याचं नाव सांगीन, त्याच्या बापाचं नाव सांगीन, गाव सांगीन. मंग माहं बी सांगीन, आडनावासकट.