विकतचं पीठ, घरचा वास

यमुनाअक्कांनी उभ्या आयुष्यात एकदाही नानकटाईचं पीठ मळलं नसेल. पीठ त्या कोपऱ्यावरच्या बेकरीतून मळलेलं आणायच्या, घरी त्याचे गोळे करून अंगठ्याने चेपायच्या, वर एकेक चारोळी टोचायच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये ठेवून द्यायच्या. एवढं झालं की कपाळावरचा घाम पदराने असा पुसायच्या, की बघणाऱ्याला वाटावं बाईने सकाळपासून खलबत्ता चालवलाय.

आमच्या धुळ्याच्या गल्लीत तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, दिवाळी आली की बायका रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत नेत आणि आपलं तूप दुसरीच्या परातीत जाऊ नये म्हणून भट्टीपाशी ठाण मांडून बसत. ज्यांना तेवढा धीर नसे त्या सरळ तयार नानकटाई विकत आणत. दोन्ही गोष्टी मला समजत. अक्कांचा हा मधला प्रकार मात्र मला अजिबात समजत नसे. कष्टही करायचे नाहीत आणि केल्याचं श्रेय मात्र घ्यायचं, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

मी मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायला आले होते. माझ्याजवळ पदवी होती, तराजू होता, मापाचे कप होते आणि जाड पुठ्ठ्याचं पाकशास्त्राचं पुस्तक होतं. अक्कांच्या शेजारच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या, मधे फक्त एक भिंत. त्यामुळे त्यांचा सगळा गलथानपणा मला पाहावाच लागे. त्यांच्याकडे माप नावाची वस्तू नव्हती. पावाचं पीठ आणून त्यात साखर आणि अख्खं केळं गुंडाळायच्या आणि त्याला 'केळाना पाव' म्हणायच्या. खारीचं पीठ आणून वर साखर भुरभुरायच्या, त्याला तर नावही नव्हतं. बेकरीवाला त्यांच्या पिठात मुद्दाम जायफळ जास्त घालायचा, कारण अक्कांना तसंच लागे. ही चव माझ्या पुस्तकात बसत नव्हती.

घरात माणसं दोन. नवरा एसटीत वाहक, तोही बहुतेक गाडीवरच. मुलगा भुसावळला रेल्वेत. आणि नानकटाई व्हायची चाळीस. चारच्या सुमारास ओव्हनमधून वास सुटला की अक्का दारात उभ्या राहून ओरडायच्या, "या वं, बठ्ठ्या या!" मग गल्लीतल्या सगळ्या रिकामटेकड्या बायका त्यांच्या ओट्यावर जमायच्या.

एकदा मी मुद्दामच सगळ्यांसमोर विचारलं, "अक्का, पीठ विकतचं, मग नानकटाईच विकत का नाही आणत?"

अक्कांना टोमणा कळलाच नाही, किंवा कळल्याचं त्यांनी दाखवलं नाही. म्हणाल्या, "इकतनी आनी तं वास बेकरीमाच राही जास, बाई. माले वास घरमा पाहिजे." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य, जे मी दर रविवारी भिंतीपलीकडून ऐकत असे, "घरनं का इकतनं, तोंडले काय समजस!"

बायका हसल्या. मीही हसले, पण माझं हसणं वेगळं होतं. आळसाला तत्त्वज्ञानाचं झबलं घालणारी बाई, असं मी त्या रात्री वडिलांना लिहिलेल्या पत्रात अक्कांचं वर्णन केलं. मला ते फार छान सुचलं असं वाटलं होतं.

वडिलांचं, म्हणजे भाऊंचं, उत्तर आलं त्यात अक्कांबद्दल काही नव्हतं. माझी नेमणूक तात्पुरती होती. यंदा कायम झालीस तर राहा, नाही तर गावी परत ये, स्थळं बघून ठेवली आहेत, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. मार्चअखेर तपासणी होती. निरीक्षक बाई येणार, माझा प्रात्यक्षिकाचा तास बघणार आणि त्यावर शेरा लिहिणार. मी विषय निवडला नानकटाई. तास चाळीस मिनिटांचा, म्हणून पीठ घरून मळून न्यायचं होतं.

त्या सकाळी मी तोळामासा मोजून पीठ मळलं आणि खात्रीसाठी एक ताटली भाजून पाहिली. बारा नानकटायांची मिळून एक चपटी भाकरी झाली. पीठ थापलं, पुन्हा भाजलं, पुन्हा तेच. तूप वाढवलं, मैदा वाढवला, मग रडले. अक्का मागच्या दाराने आत आल्या आणि ताटलीकडे बघून म्हणाल्या, "वं माय! नानकटाई शे का पापड?"

त्यांनी माझ्या पिठात बोट घातलं. "तूप पघळनं. उन्हाया शे, बाई. उन्हायामा पुस्तक काय करी?"

त्या घरी गेल्या आणि पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत रुतवून ठेवलेला पिठाचा डबा घेऊन आल्या. पीठ घट्ट आणि गार होतं. "हाई लई जाय. बठ्ठं लई जाय."

मी ते नेलं. आधी त्यांच्या डब्यातून काढून माझ्या काचेच्या भांड्यात घातलं, म्हणजे ते माझं दिसावं.

निरीक्षक बाईंनी दोन नानकटाया खाल्ल्या. "पीठ तुम्ही मळलंत?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "जायफळ छान लागतंय, किती घातलं?" मी म्हणाले, "चिमूटभर." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि मुलींना सांगितलं, बाईंकडून मोजमाप शिका.

संध्याकाळी अक्का दारातच उभ्या होत्या. "काय व्हयनं, बाई? मन्हं पीठ चालनं का?"

इथे खरं बोलायला काहीच अडचण नव्हती. ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. पण या बाईचे आभार मानायचे, हे माझ्या जिभेला जमेना. मी म्हणाले, "तुमचं लागलंच नाही, अक्का. माझंच गार केलं, छान झालं. तुमचं शाळेत उन्हाने खराब झालं, टाकून दिलं." आणि वर, तोरा म्हणून, उरलेल्यांतली एक नानकटाई त्यांच्या हातावर ठेवली.

अक्कांनी ती अर्धी मोडली, तोंडात घातली आणि सावकाश चघळली. जायफळाचा वास माझ्यापर्यंत येत होता. मग त्यांनी उरलेली अर्धी पदराच्या टोकात बांधली.

"तोंडले समजस, बाई," एवढंच म्हणाल्या आणि सकाळपासून माझ्याकडेच पडलेला त्यांचा रिकामा डबा घेऊन गेल्या.

मी कायम झाले. अक्का पूर्वीसारख्याच दारातून ओरडत राहिल्या, माझ्याकडे ताटलीही येत राहिली. गल्लीत कोणाला काही कळलं नाही. पुढे तीन वर्षांनी माझी जळगावच्या शाळेत बदली झाली तेव्हा त्या एसटी स्टँडवर आल्या आणि ओल्या फडक्यात बांधलेला एक डबा माझ्या मांडीवर ठेवला. आत पीठ होतं, बेकरीचं.

"तठे जाईसन पयले हाई भाज. नवं घर शे, घरमा वास पाहिजे."

जळगावला सामान लागायच्या आधी मी ओव्हन लावला. वास सुटला आणि अर्ध्या तासात शेजारच्या दोघी ओळख करून घ्यायला दारात आल्या. त्यांतल्या एकीने नानकटाई खाऊन विचारलं, "किती खुसखुशीत! पीठ तुम्हीच मळलंत?"

मी हो म्हणाले.