तेरवीचं ताट, लग्नाचं ताट

दादा कधी अनवाणी घराबाहेर पडत नाही. त्या सकाळी तो तसाच माझ्या कापडाच्या दुकानात आला, गादीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "तुझी वहिनी उठूनच नाही राहिली रे." मी हातातला साड्यांचा गठ्ठा तसाच टाकून निघालो. वहिनी झोपेतच गेल्या होत्या. आदल्या दिवशी नदीपलीकडे कारध्याला जाऊन त्यांनी तिथल्या बायकांना फुटक्या माठात घरच्या कचऱ्याचं खत कसं करायचं ते शिकवलं होतं, घरी येऊन दादाला चहा दिला होता आणि माझ्या दुकानाच्या नावाने थोडी कटकटही केली होती. म्हणजे दिवस नेहमीसारखाच गेला होता. आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, वहिनींवर तुम्हीच लिहा, तुम्हीच त्यांना जवळून पाहिलंत. पाहिलं खरं. पण लिहायला बसलो की त्यांच्या आधी मला माझीच लाज आठवते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सुचत नाही.

वहिनींचं माहेर आंधळगावचं, विणकरांचं घर. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतर काही वर्षांनी आमच्या गल्लीतल्या बायकांचा बचत गट निघाला आणि नगरपरिषदेच्या कचऱ्याच्या प्रशिक्षणाला कोणी जायचं यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. वहिनी गेल्या. परत आल्या त्या अंगात आल्यासारख्या. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे गल्लीला शिकवायला त्यांनी अंगणात जुनी चादर अंथरली आणि आमच्याच घरची कचऱ्याची बादली त्यावर उपडी केली. दुसऱ्याच्या घरचा कचरा त्यांनी कधी उघडला नाही. म्हणायच्या, कोणाच्या घरची लाज चव्हाट्यावर कायले आणावं, आपली आहे न. भाज्यांची देठं इकडे, गोळ्यांची पाकिटं तिकडे, असं करत करत त्यांच्या हाती हमखास साडीची प्लास्टिकची पिशवी लागायची. ती उंच धरून त्या विचारायच्या, "हे कोणाच्या दुकानातली आहे, ओळखा बरं!" बायका खो खो हसायच्या. मी एकदा रागाने म्हटलं, वहिनी, माझं गिऱ्हाईक तोडता का? तर म्हणाल्या, "भाऊजी, गिऱ्हाईक घरी जाते जी, पिशवी नालीत राहते." पुढे गावोगावी त्या अशाच फिरल्या. बोलणं फटकळ, आवाज मोठा. कोणी आगपेटी घेऊन कचऱ्याच्या ढिगाकडे निघाला की त्याला गाठेपर्यंत यांना दम नसायचा. सगळ्यांना त्या आवडायच्या असं मी म्हणणार नाही. मलाही कितीदा वाटायचं, आता पुरे.

पण त्यांचं खरं काम ताटांचं. गल्लीतल्या बायकांनी सुका कचरा भंगारात विकून, गटाची भर घालून स्टीलची ताटं आणि गिलास घेतले. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, थर्माकोलच्या पत्रावळी आणायच्या नाहीत, ही ताटं न्यायची आणि घासून परत आणायची. ठेवायची वहिनींच्या ओसरीवर. पहिल्यांदा ती एका तेरवीला गेली आणि तिथेच घोडं अडलं. त्यानंतर लग्नाला कोणी हात लावीना. मेल्या माणसाच्या नावाने वाढलेल्या ताटात नवरदेवाला कसं जेवू घालायचं? गटातल्याच बायका म्हणू लागल्या, दोन वेगळे संच करू. वहिनी ऐकेनात. दोन संच केले की उद्या तिसरा लागेल, परवा जातीजातीचे लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच वर्षी आमचे बाबा वारले. त्यांच्या तेरवीला वहिनींनी तीच ताटं वाढली. आणि वर्ष सरल्यावर स्वतःच्या पोरीच्या लग्नातही तीच. मांडवात व्याह्यांकडच्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलंच. वहिनींनी लपवलं नाही; सासऱ्यांना त्या मामाजी म्हणायच्या. "हो जी, आमच्या मामाजीच्या तेरवीले हेच ताट होते. राख लावून घासलं का ताट कोरं होते. मनाले किती दिवस घासत बसायचं?" त्या म्हातारीने स्वतःच ताट पुढे ओढलं आणि म्हणाली, "वाढ मग, भूक लागून राहिली." त्या दिवसानंतर आमच्या भागात हा प्रश्न कोणी विचारला नाही. वर्षानुवर्षं तीच ताटं तेरवीतून लग्नात आणि लग्नातून तेरवीत जात राहिली.

वहिनींच्या तेरवीची व्यवस्था माझ्याकडे होती. दादा नुसता बसून होता. मोहाडीची आत्या ओसरीवरच्या ताटांकडे पाहून मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे ताट काढू नको बाबा. ज्या घरात ठेवले त्याच घरची बाई गेली. उद्या कोणी नेणार नाही. तिचंच काम बुडन." मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. वहिनींच्या कामासाठीच आपण हे करतोय, अशी मनाची समजूत घातली. खरं तर एवढी ताटं घासून घ्यायची कटकट मला नको होती आणि आचारी म्हणाला होता, प्लेटा माझ्याकडेच आहेत. दादाला विचारलं तर म्हणाला, "तुले जसं वाटते तसं कर." मी तसंच केलं.

पंगत बसली. वडे, कढी, भात, बुंदी, आणि ते सगळं चकचकीत कागदी प्लेटांत, पाणी प्लास्टिकच्या गिलासात. तेवढ्यात कारध्याच्या बायका आल्या, जाण्याच्या आदल्याच दिवशी वहिनींनी ज्यांना शिकवलं होतं त्या. प्रत्येकीच्या हातात कापडी पिशवी. ओळीत बसता बसता एकीने पिशवीतून घरचं ताट अर्धं बाहेर काढलं. जेवायले जाताना आपलं ताट नेत जा, हेही वहिनींनीच शिकवलेलं. शेजारणीने तिला कोपराने डिवचलं, डोळ्याने समोरच्या प्लेटा दाखवल्या. तिने ताट पुन्हा आत सरकवलं, पिशवी मांडीखाली घेतली. मग सगळ्यांनीच पिशव्या पदराआड केल्या. आमच्या घराची लाज त्या बायका झाकत होत्या… मी बुंदीची परात घेऊन उभा होतो, वाढायचं राहूनच गेलं. जाताना त्यातली एक माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सैपाक चांगला झाला जी, भाऊजी." तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी परसात उष्ट्या प्लेटा, भात, गिलास सगळं एकत्र पोत्यांत कोंबलं. वेगळं करायला कोणी बसलं नाही. मीही नाही.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतली एक बाई मुलीच्या लग्नासाठी ताटं मागायला आली. दादाने मला बोलावून घेतलं. ओसरीवर ती ताटांपाशी घुटमळली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, राग नका मानू. वहिनीच्या तेरवीले हे ताट तं नोहते न वापरले?"

इतक्या वर्षांनी तो प्रश्न पुन्हा आमच्याच ओसरीवर आला होता, आणि तो मीच आणला होता. मी म्हणालो, "नाही."

तिचा चेहरा खुलला. "बरं केलं जी. पोरीचं शुभकार्य आहे, मनात शंका राहते. आता हे लग्नाचेच ठेवा, तेरवीले देऊच नका." असं म्हणून तिने कनवटीची पुडी सोडली, सगळ्यात वरच्या ताटाला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. मी तिला थांबवू शकलो असतो. वहिनींनी थांबवलंच असतं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. मी एक एक चळत उचलून रिक्षात ठेवू लागलो. दादा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याच्याकडे मी पाहिलं नाही.